आप्पांची खोडी

आप्पा, तुम्ही आमची दुर्बीण कधी बघितली नाहीत, म्हणून आधी तेवढं सांगते. ती नळीसारखी नाही. शिरूरच्या पुढं माळावर लोखंडी सांगाड्यावर एक भली मोठी ताटली उभी केलीय, आपल्या खुटबावच्या घराचं अख्खं अंगण तिच्यात मावेल एवढी, आणि ती आभाळातून येणाऱ्या रेडिओ लहरी गोळा करते. म्हणजे बघत नाही, ऐकते. ती गोल फिरते, मान वर-खाली करते, वारा सुटला की आभाळाकडं तोंड करून गप बसते, आणि हे सगळं कधी नि कसं करायचं ते तिला एक सॉफ्टवेअर सांगतं. ते सॉफ्टवेअर जुनं झालं म्हणून आम्ही नवं लिहिलं. ते तिच्यावर चढवण्याआधी तपासायची जागा उभी करायचं काम माझ्याकडं आलं. तपासायची जागा म्हणजे खोटी दुर्बीण. एका खोलीत काही कॉम्प्युटर मांडलेत आणि ते आपणच दुर्बीण असल्याचं सोंग करतात. सॉफ्टवेअर म्हणालं 'पूर्वेला फिर', की कॉम्प्युटरनं म्हणायचं 'फिरले'. खरं तर काहीच हललेलं नसतं.

ऑफिसात सगळे याला माझी भातुकली म्हणायचे. 'मॅडम, आज काय शिजवलंत?' असं जाता-येता विचारायचे. आमचे प्रमुख भले गृहस्थ, पण त्यांनाही घाई. 'खरी दुर्बीण दारात उभी असताना खोटी कशाला बांधत बसायची? दुरुस्तीच्या दिवशी थेट तिच्यावरच बघू की,' असं ते म्हणाले आणि माझं डोकं फिरलं. तुमचीच मुलगी, जाणार कुठं! मी म्हटलं, 'सर, त्या ताटलीवर चाचा चढतात.' चाचा म्हणजे आमचे शिरूरचे तंत्रज्ञ, सगळी नोकरी त्यांनी या एका दुर्बिणीच्या तैनातीत घालवली. ताटलीच्या मागच्या अंगाला एक लहान दार आहे, त्यातून आत शिरून ते गिअरला ग्रीस भरतात. आत माणूस असताना ताटली वाकली तर काय होईल, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. 'नवं सॉफ्टवेअर काय करेल ते अजून मलाच माहीत नाही, आणि ते मी चाचांच्या जिवावर तपासणार नाही,' मी म्हटलं. माझा आवाज जरा जास्तच चढला असावा, कारण शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली. सर हसले, म्हणाले, 'बरं बाई, बांधा.'

मला हे सुचलं ते काही पुस्तकातून नाही. मी हे सगळं तुमच्या कारखान्यात बघितलेलं होतं.

गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधीचे दिवस. पावसाळाभर मिल उघडून ठेवलेली, रोलर उतरवलेले, पाइप सोडवून साफ केलेले, आणि आता सगळं पुन्हा जोडून झालंय. तुम्ही मिलचे फोरमन. घरी जेवायला येता ते नुसतं अंगानं, डोकं तिकडंच. मग एक दिवस तुम्ही मला मोटरसायकलवर मागं बसवून नेता, शाळा बुडवून, आणि आई ओरडते ते आपण दोघंही ऐकत नाही. कारखान्यात उसाचं एक कांडंही आलेलं नाही, तरी भोंगा वाजतो, बॉयलर पेटलेला आहे आणि अख्खा कारखाना धडधडायला लागतो. मी विचारते, 'आप्पा, ऊस कुठाय?' तुम्ही माझ्या कानाशी तोंड आणून ओरडता, 'आज ऊस न्हाई. आज पाणी!' रस ज्या ज्या वाटेनं जायचा त्या सगळ्या वाटेनं तुम्ही पाणी सोडलेलं असतं. टाकीतून हीटरमध्ये, हीटरमधून पुढच्या भांड्यात. कुठं गळतंय, कुठं अडतंय, कुठला पंप कुरकुरतोय, ते पाण्यावर कळू दे, रसावर नको. रस वाया गेला तर शेतकऱ्याचा घाम वाया गेला, असं तुम्ही म्हणायचात, आणि ते म्हणताना उगाच छाती फुगवायचात. तुम्हाला आपल्या कामाचा तोरा होता, आप्पा. तो तुम्हाला शोभायचा.

पण नुसतं पाणी सोडून थांबाल तर ते तुम्ही कसले! तुम्ही खोडी काढायचात. ट्रायल चालू असताना कुणाचं लक्ष नाही बघून एखादा व्हॉल्व्ह निम्मा बंद करायचा, एखाद्या पंपाचा फ्यूज काढून खिशात टाकायचा, आणि हात पाठीशी बांधून दाराशी उभं राहायचं, जणू काही झालंच नाही. कुणाच्या ध्यानात येतंय ते बघायचं. सगळ्या शिफ्टला ठाऊक असायचं की आज आप्पांची खोडी असणार, पण कुठं ते ठाऊक नसायचं. ज्याला सापडेल त्याच्या खिशाला तुम्ही आपल्या खिशातलं पेन लावायचात. पाटसच्या स्टँडवर मिळणारं साधं निळं पेन. पण ते लावून माणूस हंगामभर मिरवायचा. लिहिता न येणाऱ्यांच्या खिशालाही मी ते पेन बघितलंय.

मला ते पेन फार हवं होतं. घरी तुम्ही खोड्या काढायचात, पण आपली आई म्हणजे आई. तुम्ही कुकरची शिट्टी काढून पदराखाली, म्हणजे तिच्याच वाळत घातलेल्या लुगड्याच्या पदराखाली, लपवून ठेवलीत, तर ती चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, 'शिट्टी ठेवा जाग्यावर. ह्यो कारखाना न्हाई, आन् मी तुमची फिटर न्हाई.' तुम्ही मुकाट ठेवलीत. कारखान्यात तुम्हाला बघून इंजिनिअर बाजूला सरकायचे, आणि घरात ही तऱ्हा! मी हसून लोळले. तुम्ही पेन तिला देऊ केलंत, तर म्हणाली, 'त्या पेनानं काय भाकरी उलटू?' मी हात पुढं केला, तर तुम्ही मान हलवलीत. 'तुला घावली का खोडी? घावल तवा देईन.' ती मला कधीच घावली नाही. दर वेळी आई माझ्या आधी.

मग तो वाईट हंगाम आला. मी तेव्हा बारावीला होते, सगळं नीट आठवतंय. पाण्याची ट्रायल चालू होती. हीटरपाशी तुमचे सगळ्यात जुने फिटर होते, मांडवगण फराट्याचे, तुम्ही त्यांना भाऊ म्हणायचात. दाबाचा काटा चढायला लागला. त्यांनी तो बघितला. बघितला आणि हसले. शेजारच्याला म्हणाले, 'आली बघ आप्पांची खोडी, ह्या खेपेला माझ्याच वाट्याला.' आणि सावकाश, मजेत, तुमच्या खोडीचा माग काढत ते पाइपच्या कडेनं निघाले, कुठला व्हॉल्व्ह दाबलाय ते शोधत. पण तुम्ही त्या दिवशी हीटरला हातही लावला नव्हता. पावसाळ्यात दुरुस्तीला पाइप बंद करायला घातलेली एक लोखंडी चकती कुणीतरी काढायची विसरला होता. पाण्याला वाट मिळेना, जोड फुटला, आणि कढत पाणी भाऊंच्या हातावर नि खांद्यावर आलं.

त्या दिवशी तुम्ही घरी आलात ते जोत्यावरच बसलात. आईनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि ती बोलली, आणि ती जे बोलली ते तुम्हाला दुसरं कुणी बोलायला धजलं नसतं. 'तुमच्या खोड्यांपायी माणूस भाजला.' चकती दुसऱ्याची, चूक दुसऱ्याची, असं म्हणायला जागा होती. चीफ इंजिनिअरांनी अपघाताच्या रिपोर्टात तसंच लिहायचं ठरवलंही होतं. तुम्ही ते म्हणाला नाहीत. मला वाटतं, मी तुम्हाला पहिल्यांदा नीट ओळखलं ते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून भाऊंना घरी सोडलं. तेव्हापासून तुम्ही ड्यूटी सुटली की नदी ओलांडून मांडवगणला जायला लागलात. एकदा मला बरोबर नेलंत. भाऊ ओसरीत बाजेवर बसलेले, हाताला पांढरं गुंडाळलेलं. त्यांच्या घरच्यांनी आपल्याला चहा दिला, त्यात राग नव्हता, त्यानं तर तुम्ही जास्तच अवघडलात. भाऊ म्हणाले, 'आप्पा, मला दिसलं हुतं. काटा चढताना सोताच्या डोळ्यानं बघितला म्या. पर म्हटलं, ही आप्पांची खोडी. हसलो की वं मी!' तुम्ही हातातली कपबशी खाली ठेवलीत. तुम्ही म्हणालात, 'चूक तुमची न्हाई, भाऊ. माझी हाय. खरं कवा आन् खोटं कवा, ह्ये वळखायचं वझं म्या तुमच्यावर टाकलं.'

पुढच्या हंगामाच्या आधी सगळ्यांना वाटलं, आता आप्पा खोडी सोडणार. चीफ इंजिनिअरांनी तर तुम्हाला तसं सांगितलंच होतं. तुम्ही सोडली नाहीत. ट्रायलच्या सकाळी सगळी शिफ्ट मिलपाशी गोळा केलीत, मीही होते, कॉलेजला सुट्टी होती. गेल्या वर्षीची चूक माझी होती असं तुम्ही सगळ्यांपुढं म्हणालात, भाऊ तिथं उभे असताना, आणि मग म्हणालात, 'औंदा बी खोडी हाय. पर आता ऐका. काय बी येगळं दिसलं, येगळं वाजलं, की आधी थांबवायचं. खोडी हाय का खरं हाय, ह्ये ठरवायचं काम तुमचं न्हाई. त्ये माझं. तुमी निस्तं थांबवा.' कुणीतरी मागून विचारलं, 'आन् काय बी नसलं तर?' तुम्ही म्हणालात, 'तरी बी पेन.'

आणि झालं तसंच. पाणी चालू होऊन जरा वेळ झाला असेल नसेल, भाऊंनी हात वर केला आणि मिल थांबवली. त्यांना पंपाचा आवाज वेगळा वाटला होता. सगळं उघडलं, बघितलं, काहीच नव्हतं. तुमची खोडीही तिथं नव्हती. सगळी माणसं खोळंबली, चीफ इंजिनिअर लाल झाले, म्हणाले, 'असं दर आवाजाला थांबलो तर दिवाळीपर्यंत ऊस गाळायचा नाही आपण.' तुम्ही त्यांच्याकडं बघितलंही नाहीत. खिशातलं पेन काढलंत, भाऊंच्या सदऱ्याला लावलंत, भाजलेल्या बाजूच्या खिशाला, आणि म्हणालात, 'बेस केलंत.' भाऊ मान खाली घालून उभे राहिले, आणि आजूबाजूला कुणी हसलं नाही. आप्पा, काही न सापडल्याबद्दल बक्षीस देणारा दुसरा माणूस मी अजून बघितलेला नाही. मोठमोठ्या पदव्यांच्या, देशोदेशी फिरून आलेल्या लोकांत बसते मी. नाही बघितला.

तर माझी भातुकली. पहिले काही आठवडे माझी खोटी दुर्बीण फारच गुणी निघाली. फिर म्हटलं की फिरायची, थांब म्हटलं की थांबायची. टीममधली पोरं खूश, सर खूश. मीच तेवढी बेचैन. मग आठवलं, तुम्ही म्हणायचात की पाणी गप वाहतंय, रस चिकटतोय आणि उतू जातोय, त्यामुळं पाण्यावर पास झालं म्हणून नाचायचं नाही. मी तिला बिघडवायला बसले. खऱ्या ताटलीला वजन आहे, थांब म्हटलं तरी ती जरा पुढं जातेच, तसं हिलाही जायला शिकवलं. वारा शिकवला. मोटर गरम व्हायला शिकवली. खोटं बोलायलाही शिकवलं, म्हणजे एकीकडं फिरायचं आणि सांगायचं दुसरंच. आणि मग, तुमची मुलगी, मी खोड्या पेरायला लागले. चाचणी चालू असताना मध्येच पडद्यावर लाल ओळ यायची: वारा वाढला, ब्रेक सुटला, मागचं दार उघडं. आमची पोरं ती पकडायची. त्यांना मी तुमची गोष्ट कधी सांगितली नव्हती, पण शब्द मात्र माझ्या तोंडून गेलाच. महिन्याभरात सगळी टीम 'मॅडमची खोडी' म्हणायला लागली. नव्या सॉफ्टवेअरमधल्या कितीतरी चुका अशा पकडल्या. एक तर अशी की वारा सुटल्यावर ताटली आभाळाकडं तोंड करायच्या ऐवजी वाऱ्याकडंच करत होती. खऱ्या दुर्बिणीवर ते झालं असतं तर सांगाडा पिळवटला असता. सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. भातुकली हा शब्द बंद झाला.

मग खऱ्या दुर्बिणीवर पहिल्यांदा चालवायचा दिवस आला, गेल्या आठवड्यात. सकाळचं लख्ख ऊन, वारा नाही. दार उघडलं की मोटरी आपोआप थांबाव्यात ही सोय जुन्या सॉफ्टवेअरला होती. नव्यात दार उघडं असल्याचं फक्त दिसत होतं, थांबवायचं काम पुढच्या टप्प्यात ठेवलेलं. मी कुरकुरले होते, पण मान्यही केलं होतं, कारण ट्रायलच्या वेळी वर कुणी जायचंच नाही असा नियम होता. स्पीकरवरून घोषणा झाली, 'ट्रायल सुरू होत आहे.' बटण दाबलं आणि खिडकीतून ती अवजड ताटली अगदी हळू, डौलात फिरायला लागलेली दिसली. टाळ्या पडल्या. आणि पडद्यावर लाल ओळ आली: मागचं दार उघडं.

पोरं हसली, आप्पा. मनापासून, लाडानं हसली. 'मॅडम, आज पण खोडी? आज तरी सोडा की!' सरसुद्धा माझ्याकडं बघून हसले. मी त्या दिवशी काही पेरलं नव्हतं. पण ते आठवायलाही मी थांबले नाही. माझा हात थांबवायच्या लाल बटणावर गेला होता. ताटली थांबली, जरा पुढं सरकून, जड वस्तू थांबते तशी.

धावत बाहेर गेलो. ताटलीच्या मागच्या दारातून आधी एक ग्रीसचा डबा बाहेर आला आणि मागोमाग चाचा. वरूनच ओरडले, 'काय झालं? चहा आला का?' त्यांना घोषणा ऐकू गेली होती. पण खोट्या दुर्बिणीच्या चाचण्यांनाही तीच घोषणा व्हायची; इतके दिवस रोज 'ट्रायल सुरू' ऐकायचं आणि खोलीतल्या कॉम्प्युटरांपलीकडं काही हलायचं नाही, म्हणून आजही खोटंच असेल असं समजून ते ग्रीस भरायला चढले होते. वर पोचता पोचता सगळं हलायला लागलं तेव्हा त्यांना वाटलं, वारा सुटला, आणि दार उघडून ते आत शिरले. खाली आल्यावर सगळं कळलं तेव्हा ते पायरीवर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, 'बेटी, अजून दोन मिनिटं गेली असती तर गिअरात हात असता माझा.' मी त्यांच्या शेजारी बसले. सगळी टीम समोर उभी होती. मग मी तुमचं वाक्य म्हटलं. जसंच्या तसं, तुमच्याच बोलीत. खोडी हाय का खरं हाय, ह्ये ठरवायचं काम तुमचं न्हाई. तुमी निस्तं थांबवा. पुण्याची पोरं ती, पण एकही हसलं नाही. आणि आता दाराची तार मोटरीला जोडल्याशिवाय कुणी काही फिरवणार नाही, हे सर स्वतः म्हणाले, मला बोलावं लागलं नाही.

मला तुमचा अभिमान वाटतो, आप्पा. हे तुमच्या हयातीत म्हणायला हवं होतं वगैरे मी म्हणणार नाही, आपल्या घरात असलं कुणी बोलत नसे आणि तुम्हालाही ते ऐकून कपबशी खाली ठेवावी लागली असती. आता लिहिते, तेवढं पुरे. चूक झाल्यावर खोडी सोडून देणं सोपं होतं. तुम्ही तिला सुधारलंत. तुमच्या त्या वाक्यावर आज चाचा दोन्ही हातांनी जेवतात.

हे मी त्या खोट्या दुर्बिणीच्याच कॉम्प्युटरवर लिहितेय, जेवणाच्या सुट्टीत. प्रत्येक नव्या चाचणीच्या आधी हा कॉम्प्युटर सगळं पुसून कोरा होतो, मागचं काही शिल्लक ठेवत नाही. दुपारी पुढची चाचणी लावायचीय, त्यामुळं हे कुठं पाठवायचा प्रश्न नाही. बटण मीच दाबणार आहे.

फक्त एक राहिलं, ते कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी लाल बटण दाबलं तेव्हा सगळे पडद्याकडं बघत होते आणि मी मागं वळून दाराकडं बघितलं. तुम्ही तिथं हात पाठीशी बांधून उभे असणार, अशी माझी खात्रीच होती. पेन घ्यायला मी हातसुद्धा पुढं केला होता.